सेन्सरने जे पाहिलं तेच सांगितलं

चेक इंजिनचा दिवा लागला म्हणजे कुठला तरी पार्ट गेला असं बहुतेक लोक धरूनच चालतात, आणि मग प्रश्न एकच उरतो, कुठला? पण खरं म्हणजे त्या दिव्याला पार्ट दिसतच नाही. गाडीतल्या कॉम्प्युटरला, ईसीयूला, फक्त आकडे दिसतात. या सेन्सरकडून इतके व्होल्ट आले, त्या वायरमधून इतका करंट गेला, क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, एवढं अंतर फिरायला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला. प्रत्येक आकड्याला बनवणाऱ्यांनी एक हद्द आखून दिलेली असते, आकडा हद्दीबाहेर गेला आणि तिथेच राहिला की दिवा लावायचा, एवढंच त्याचं काम. हे मनात पक्कं बसलं तेव्हापासून जुन्या गाडीकडे बघायची माझी पद्धतच बदलली, आणि ते कसं झालं ते सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी रंगांबद्दल, कारण तिथे गडबड झाली तर बाकी सगळं वाचून उपयोग नाही. लाल दिवा लागला तर निदान वगैरे नंतर, आधी गाडी थांबवायची. तेलाच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा ऑइलच्या प्रेशरचा असतो. ऑइल भरपूर असेल पण पंप ते वर ढकलत नसेल तरी तो लागतो, आणि प्रेशर नसलं की क्रँक आणि बेअरिंगच्या मधला ऑइलचा पातळ थर जातो, धातूवर धातू घासतो, आणि मग इंजिन जायला फार वेळ लागत नाही. "पुढच्या वळणापर्यंत नेतो" असं म्हणायचंच नाही, तिथेच बंद. टेम्परेचरचा लाल दिवा असेल तरी तेच. बॅटरीचा लाल दिवा म्हणजे बहुतेक वेळा बॅटरी खराब नसते, चार्जिंग होत नसतं, चालू इंजिनवर बॅटरीच्या टोकांना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळायला हवेत, ते मिळत नाहीयेत. आणि ब्रेकचा लाल दिवा, हँडब्रेक पूर्ण खाली असूनही लागला असेल तर बरेच जण नुसतं ब्रेक ऑइल टॉप-अप करून मोकळे होतात, पण ते कमी का झालं? एक तर कुठेतरी गळतंय किंवा पॅड झिजलेत. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि त्या जागेत ऑइल जाऊन वरच्या डब्यातली पातळी उतरते. टॉप-अप केलं की दिवा विझतो आणि पॅड झिजलेलेच राहतात.

चेक इंजिनचा दिवा पिवळा असतो. तो स्थिर असेल तर गाडी हळू चालवत नेता येते, पण तो उघडझाप करत असेल तर पाय लगेच अॅक्सिलेटरवरून काढायचा. उघडझाप म्हणजे इंजिन मिसिंग मारतंय, आणि नुसतं मारत नाहीये तर इतकं मारतंय की न जळलेलं पेट्रोल मागे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्यात, जाऊन तिथे जळायला लागलंय. कन्व्हर्टरच्या आतली सिरॅमिकची जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. एखाद्या खराब कॉइलपायी कन्व्हर्टर घालवायचा नसेल तर हा एक फरक घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

आता हा पिवळा दिवा आला कुठून हे बघितलं तर एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. तो मुळात गाडीच्या मालकासाठी आलेलाच नाही. कॅलिफोर्नियात हवेचं प्रदूषण इतकं वाढलं होतं की तिथल्या हवा नियंत्रण मंडळाने १९८८च्या मॉडेलपासून नियम केला, गाडीने स्वतःच स्वतःच्या प्रदूषण-यंत्रणेवर लक्ष ठेवायचं आणि बिघाड झाला तर सांगायचं. पण तेव्हा प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, बिघाडाचे कोड वेगळे. मग दुसरी आवृत्ती आली, ओबीडी-टू (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स), १९९६पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या नवीन कार्सना सक्तीची, सगळ्यांना एकच सोळा पिनांचं सॉकेट, स्टीअरिंगच्या खाली कुठेतरी, आणि कोडची भाषाही एकच. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१पासून आणि डिझेलला त्यानंतर. त्या अमेरिकन नियमात साधारण रेघ अशी होती की धूर परवानगीच्या दीडपटीच्या वर जाईल असा बिघाड झाला की दिवा लागलाच पाहिजे. म्हणून "गाडी तर मस्त चालतेय, मग दिवा कशाला?" या प्रश्नाला उत्तर आहे. दिवा तुमच्या मागून चालत येणाऱ्या माणसासाठी आहे, तो जी हवा आत घेणार आहे तिच्यासाठी. हे समजल्यावर मला त्या दिव्यावर चिकटपट्टी लावून गाडी चालवणं जमेनासं झालं, आणि लोक खरंच लावतात, मी पाहिलंय.

कोड वाचणं आता अगदी सोपं झालंय. त्या सोळा पिनांत बसणारा छोटा अडॅप्टर मिळतो, ब्लूटूथने फोनला जोडायचा, चावी फिरवायची आणि एक अक्षर आणि चार आकडे समोर येतात. अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चासी, यू म्हणजे कॉम्प्युटरांचं आपापसातलं बोलणं. पुढचा आकडा शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, एक असेल तर कंपनीचा स्वतःचा. पुढे ३ आला की इग्निशन आणि मिसफायर, म्हणजे तेच मिसिंग, म्हणून पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, पी०३०२ दुसऱ्याचा. हे सगळं पाच मिनिटांत शिकता येतं आणि खरी अडचण इथूनच सुरू होते, कारण कोडचं नाव वाचलं की निदान झालं असं वाटतं. पी०४२० आला, त्यात कन्व्हर्टरचं नाव आहे, बदला कन्व्हर्टर. ऑक्सिजन सेन्सरचं नाव आलं, बदला सेन्सर.

माझ्या गाडीत आला पी०१७१. सिस्टम लीन, बँक वन (पहिल्या सिलिंडरची बाजू). म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी.

गाडी माझ्याकडे आली तेव्हाच वयस्कर होती. मला जुन्या गाड्या आवडतात, त्यांचं बोनेट उघडलं की आधीच्या माणसांची कामं दिसतात, एखादी क्लिप कंपनीची नसते, एखाद्या वायरला कुणीतरी फार काळजीपूर्वक टेप गुंडाळलेली असते, एखादा नट सगळ्यांपेक्षा जास्त चकचकीत असतो. आधीच्या मालकाने बिलांची फाइल दिली होती, ती मी वाचली होती, आणि त्या फाइलबद्दल पुढे सांगतोच.

तर पी०१७१. एका गॅरेजमध्ये कोड ऐकल्या ऐकल्या उत्तर आलं, पुढचा ऑक्सिजन सेन्सर गेला. दुसरीकडे म्हणाले फ्युएल पंप कमी पडतोय. तिसरं मत होतं की इंजेक्टर साफ करा, जुनी गाडी आहे, करायला पाहिजेच होतं. तिन्ही शक्यता खऱ्या आहेत, या कोडमागे हे तिन्ही असू शकतं, पण तिघांपैकी कुणीही काही मोजलं नव्हतं आणि मला ते पटत नव्हतं. जुन्या गाडीत अशा अंदाजाने पार्ट बदलायला लागलं तर त्याला अंतच नाही, कारण तिच्यात प्रत्येक पार्ट थोडा थोडा थकलेलाच असतो, कशावरही बोट ठेवलं तरी ते खरंच वाटतं.

हा ऑक्सिजन सेन्सर काय करतो हे जरा थांबून सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. १९७६च्या सुमाराला बॉशने बनवलेला असा सेन्सर व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा बाजारात आला आणि पुढे त्याच्याशिवाय पेट्रोल गाडीचं पान हलेना. सायलेन्सरच्या पाइपात पुढे बसतो, आत झिर्कोनियाची एक टोपी, तिच्या एका बाजूला धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक तितका व्होल्टेज. धुरात ऑक्सिजन उरलेला असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, जवळजवळ नसेल तर ०.९च्या आसपास. पेट्रोल पूर्ण जळायला एक ग्रॅमला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, ईसीयू त्या बिंदूच्या या बाजूला त्या बाजूला सतत पेट्रोल कमी-जास्त करत राहतो आणि सेन्सरचा काटा त्याच्याबरोबर वर-खाली झुलत राहतो. हे नीट वाचलं तर लक्षात येईल की सेन्सर पेट्रोल मोजतच नाही. त्याला पेट्रोलबद्दल काही माहीत नाही. तो फक्त ऑक्सिजन बघतो, आणि त्यावरून ईसीयू ठरवतो की पेट्रोल कमी पडलं असणार.

ईसीयूने किती पेट्रोल वाढवलं किंवा कमी केलं याची नोंद असते, तिला फ्युएल ट्रिम म्हणतात, आणि तीही त्याच स्वस्तातल्या अडॅप्टरवर दिसते. एक शॉर्ट टर्म, जी क्षणाक्षणाला बदलते, आणि एक लाँग टर्म, जी त्याची पडलेली सवय. शून्याच्या आसपास पाच-सात टक्के इकडेतिकडे असेल तर काळजी नाही. माझ्या गाडीत आयडलिंगला लाँग टर्म वीस टक्क्यांच्या वर होती. म्हणजे नेमून दिल्यापेक्षा पाचवा हिस्सा जास्त पेट्रोल ईसीयू रोज ओतत होता. पण गाडी जागेवर उभी ठेवून अडीच हजार आरपीएमवर स्थिर रेस दिली की तोच आकडा उतरत उतरत आठ-नऊवर यायचा.

हा फरक फार कामाचा असतो. पंप किंवा फिल्टर कमी पडत असेल तर उलटं होतं, आयडलिंगला ठीक आणि लोड वाढला की आकडा चढतो, कारण मागणी वाढते तेव्हाच पुरवठ्याचं उणं दिसतं. हवा मोजणारा सेन्सर मळला असेल तरी साधारण तसंच. आयडलिंगला जास्त आणि रेस दिल्यावर कमी म्हणजे कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय, आणि ती गळती ठरावीक आकाराची आहे, म्हणून इंजिन कमी हवा घेत असतं तेव्हा तिचा वाटा मोठा आणि जास्त घेत असतं तेव्हा छोटा. त्यामुळे पंपाचं मत मी बाजूला ठेवलं. सेन्सरचं मतही, कारण झटकन रेस दिली की सेन्सरचा काटा ०.८च्या पुढे जात होता आणि सोडली की लगेच खाली, मेलेला सेन्सर असा हलत नाही.

फ्रीझ फ्रेमही बघितली. कोड पडतो त्या क्षणाचे आकडे ईसीयू गोठवून ठेवतो आणि इतक्या उपयोगाची गोष्ट लोक न बघताच कोड डिलीट करतात याचं मला वाईट वाटतं. माझ्या फ्रेममध्ये स्पीड शून्य, लोड कमी, कूलंटचं तापमान साठच्या जवळपास. म्हणजे सकाळी गाडी काढली, अजून पूर्ण गरम झालेली नाही, कुठेतरी उभी आहे. हे मी लिहून ठेवलं, तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता.

मग एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो ज्यांच्याकडे धुराचं मशीन आहे. इन्टेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, हलक्या दाबाने पांढरा धूर सोडतात आणि जिथून बाहेर येईल तिथे गळती. रबरी होज तडकलेला असणार, ब्रेक बूस्टरचा पाइप नाहीतर मॅनिफोल्डचं गॅस्केट, अशी मनाची तयारी केली होती. धूर सोडला, आम्ही दोघं टॉर्च घेऊन वाकून बघत राहिलो, आणि कुठूनही काहीच बाहेर आलं नाही. इन्टेक घट्ट होतं.

मिस्त्रींनी मशीन बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "प्लग काढून बघू या." म्हणजे स्पार्क प्लग. कोडचा आणि प्लगचा तसा थेट संबंध नाही, पण त्यांना जे हातात धरून बघता येतं त्यावर जास्त विश्वास. प्लग बाहेर आले ते काळे. कोरडी, मऊ, बोटाला लागणारी काजळी, सगळ्यांवर सारखी.

मला इथे खरोखर आनंद झाला, आणि का ते सांगतो. कॉम्प्युटर म्हणतोय पेट्रोल कमी आहे. प्लग म्हणतायत पेट्रोल जास्त आहे. दोघं एकाच इंजिनबद्दल बोलतायत आणि दोघांपैकी कुणालाच खोटं बोलता येत नाही. हवेची गळती खरी असती तर ईसीयूने वीस टक्के वाढवलेलं पेट्रोल त्या जास्तीच्या हवेला बरोबर पुरलं असतं, मिश्रण पुन्हा ठीक झालं असतं आणि प्लग फिकट तपकिरी निघाले असते. ते काळे निघाले म्हणजे वाढवलेलं पेट्रोल खरोखरच फालतू होतं, इंजिनला त्याची गरजच नव्हती. अॅव्हरेज उतरलं होतं, सकाळी मागे उभं राहिलं की पेट्रोलचा वास यायचा, हे सगळं आता जागेवर बसायला लागलं. मग सेन्सरला दिसणारा ऑक्सिजन आला कुठून? सिलिंडरमधून आलेला नाही. मिसफायर झाला असता तर न वापरलेला ऑक्सिजन तसाच मागे गेला असता आणि सेन्सर असाच फसला असता, पण मिसफायरचे काउंटर सगळे शून्य. म्हणजे तो सिलिंडर आणि सेन्सर यांच्या मधे कुठेतरी आत आला.

एक्झॉस्टच्या पाइपातून धूर नेहमी बाहेरच ढकलला जातो, मग बाहेरची हवा आत कशी येणार, हा प्रश्न कुणालाही पडेल. पण धूर सलग वाहत नाही. प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट जाते आणि तिच्या पाठोपाठ दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही खाली येतो. पाइपाला फट असेल तर लाटेबरोबर धूर बाहेर पडतो आणि मागच्या खळग्यात थोडी हवा आत ओढली जाते. आयडलिंगला लाटा दूर दूर, त्यामुळे हवा जास्त शिरते. रेस दिली की लाटा एकमेकींना चिकटतात, आतला दाब एकूण वाढतो आणि हवेला जागा मिळत नाही. म्हणून फ्युएल ट्रिमचं चित्र हुबेहूब इन्टेकच्या गळतीसारखं दिसतं.

आणि सकाळचा तो टिक टिक आवाज! सेल मारला की पहिली काही मिनिटं येणारा, गरम झालं की जाणारा. ज्यांनी ज्यांनी ऐकला त्यांनी टॅपेट म्हणून सोडून दिला होता, जुन्या इंजिनात टॅपेट वाजतातच म्हणून. मिस्त्रींनी तेच धुराचं मशीन आता सायलेन्सरच्या तोंडाला लावलं, इंजिन थंड होतं, आणि थोड्याच वेळात इंजिनचं हेड आणि सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्या मधून, अगदी शेवटच्या पोर्टपाशी, पांढरी रेघ वर यायला लागली. हीट शील्ड काढलं तर तिथे काजळीचा काळा फराटा आणि मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणारा एक स्टड तुटलेला. शेवटचाच का तर मॅनिफोल्ड तापला की लांबीने वाढतो आणि थंड झाला की आकसतो, मधे कमी हलतो आणि टोकांना सगळ्यात जास्त, वर्षानुवर्षं तीच खेचाखेच टोकाच्या स्टडवर. तापल्यावर धातू फुगून फट बरीचशी मिटायची म्हणून आवाज जायचा. आणि म्हणून फ्रीझ फ्रेममध्ये साठ डिग्री आणि स्पीड शून्य. ईसीयूने सगळं लिहून ठेवलं होतं.

त्या फटीबद्दल अजून एक गोष्ट आहे जी मला अॅव्हरेजपेक्षा आणि दिव्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. फटीतून हवा आत जाते तसा धूरही बाहेर येतो, बोनेटखाली, आणि गाडीच्या केबिनमध्ये येणारी ताजी हवा समोरच्या काचेच्या खालच्या जाळीतून, म्हणजे तिथूनच अगदी जवळून ओढली जाते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास. मिश्रण रिच असलं, म्हणजे पेट्रोल जास्त असलं, की तो आणखी वाढतो. म्हणजे पिवळा दिवा, "बघू सवडीने" म्हणावा असा, स्थिर, गाडी मस्त चालतेय, आणि आत मुलं काचा बंद करून बसलेली. मला त्या दिवशी हे नीट कळलं आणि तेव्हापासून ज्यांच्या गाडीत सकाळी टिक टिक येते त्यांना मी सांगतोच, ते विचारोत न विचारोत.

आता फाइल. प्लग बघून झाल्यावर मिस्त्री म्हणाले, पुढचा सेन्सर जास्त जुना दिसत नाही, आजूबाजूच्या गंजाच्या मानाने त्याचे कोपरे स्वच्छ आहेत. घरी येऊन फाइल काढली तर सेन्सर बदलल्याचं बिल होतं. म्हणजे हा कोड या गाडीत आधी कुणीतरी वाचला होता. बहुतेक तेव्हा स्टड तुटलेला नसेल, नुसतं गॅस्केट एका कोपऱ्यात बसलं असेल, फट बारीक असेल, सेन्सर बदलून कोड डिलीट केल्यावर दिवा बराच काळ आला नसेल आणि काम झालं असं सगळ्यांनाच वाटलं असेल. आधीच्या मालकाने चांगल्या मनाने खर्च केला होता, बिलही जपून ठेवलं होतं. पण ज्या सेन्सरने फट सांगितली त्यालाच काढून टाकलं, आणि नवीन आला त्यानेही तेच सांगितलं.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी या बाबतीत एवढं तरी नक्की करावं. चावी ऑन करून, सेल न मारता, मीटरकडे बघायचं, चेक इंजिन, ऑइल, एअरबॅग, एबीएस सगळे दिवे एकदा लागले पाहिजेत. जो लागतच नाही त्याचा बल्ब काढलेला असू शकतो. आणि लागला तरी त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडलेली असू शकते, म्हणजे तो शेजाऱ्याबरोबर लागतो आणि शेजाऱ्याबरोबरच विझतो. मग अडॅप्टर लावून रेडीनेस मॉनिटर बघायचे. कोड पुसला की ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्याही पुसल्या जातात, कन्व्हर्टरची, सेन्सरची, टाकीच्या वाफेची, आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला वेगवेगळ्या वेगाने, थंड-गरम अशी बरीच गाडी चालवावी लागते. बरेच मॉनिटर "अपूर्ण" दिसले तर कोड नुकताच पुसलाय किंवा बॅटरी काढली होती. बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हाही आकडा मिळतो. कोड नाही म्हणजे बिघाड नाही असं नसतं, हे मॉनिटर बघितले की कळतं.

स्टड काढायचं काम मी पूर्ण वेळ उभं राहून बघितलं. तुटलेलं टोक हेडच्या बाहेर जेमतेम आलेलं. गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, मुरू दिलं. मग मिस्त्रींनी त्या टोकावर एक नट ठेवला आणि नटाच्या आतून वेल्डिंग करून दोन्ही एकजीव केले. वेल्डिंगचा ताप स्टडमधून आत उतरतो आणि वर्षांचा गंज तडकतो, मग पाना लावून जरा पुढे, जरा मागे, पुढे, मागे, घाई केली तर आत तुटतो आणि मग ड्रिल करावं लागतं आणि हेडचे आटे जाऊ शकतात. त्यांचा हात इतका हळू चालत होता की पाना हलतोय की नाही हे बघायला मला वाकावं लागलं. स्टड आला. मॅनिफोल्डचा तोंडाचा भाग सरळ पट्टी लावून तपासला, वाकलेला नव्हता. नवीन गॅस्केट, टोकाचे दोन्ही स्टड नवीन, आणि मधून कडेकडे अशा क्रमाने थोडं थोडं करून घट्ट.

यातलं काही स्कॅनरने केलं नाही आणि स्कॅनरशिवायही झालं नसतं. फ्युएल ट्रिम बघितली नसती तर आम्ही प्लगपर्यंत पोचलो असतो का, मला शंका आहे. आणि नुसत्या ट्रिमवर थांबलो असतो तर इन्टेकचे सगळे होज बदलून झाले असते. ज्या मेकॅनिकला आकडेही वाचता येतात आणि काजळीही वाचता येते असा माणूस मिळणं हे जुन्या गाडीवाल्याचं खरं नशीब, आणि अशा माणसाला तपासायच्या वेळेचे पैसे वेगळे द्यावेत, पार्टच्या बिलात लपवून घ्यायला लावू नये. आपण पार्टचे पैसे निमूट देतो आणि "नुसतं बघायचे" पैसे मागितले की कपाळाला आठ्या घालतो, म्हणून तर लोक न बघता पार्ट बदलतात.

कोड मी लगेच पुसला नाही. बिघाड सलग तीन ड्राइव्हमध्ये दिसला नाही तर दिवा आपोआप विझतो, आणि कोड पुढे इंजिन साधारण चाळीस वेळा थंड होऊन परत गरम झालं की स्वतःच जातो. मला ते तसंच बघायचं होतं, कारण पुसलेल्या दिव्यापेक्षा स्वतः विझलेल्या दिव्यावर माझा जास्त भरवसा. लाँग टर्म ट्रिम एकदम पडली नाही, ईसीयूला लागलेली सवय सुटायला थोडा वेळ लागला, रोज थोडी थोडी उतरत आयडलिंगला तीन-चार टक्क्यांवर येऊन थांबली. दिवा त्याआधीच विझला होता. सकाळची टिक टिक बंद.

ऑइल बदलून घेतलं, ठरलेल्या वेळेच्या आधीच. इतके दिवस जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरत असणार आणि पेट्रोल मिसळलेलं ऑइल पातळ होतं. आता लक्ष आहे ते कन्व्हर्टरवर, कारण रिच धूर त्याने बरेच दिवस सोसलाय. त्याच्या मागे दुसरा ऑक्सिजन सेन्सर असतो, कन्व्हर्टर चांगला असेल तर पुढचा सेन्सर झुलत असताना मागच्याची रेघ जवळजवळ सरळ राहते, आणि कन्व्हर्टर थकला की मागचाही पुढच्यासारखा झुलायला लागतो, त्यालाच पुढे पी०४२० म्हणतात. गरम गाडीवर, स्थिर वेगाला, सध्या मागची रेघ ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास सरळ आहे. ग्राफ सेव्ह करून तारीख टाकून फाइलमध्ये लावलाय, सेन्सरच्या बिलाच्या मागे, शेजारी स्टड आणि गॅस्केट बदलल्याची नोंद. पुढच्या सर्व्हिसला त्याच वेगाला परत घेणार आणि दोन्ही शेजारी ठेवून बघणार.